माणसे कामाची नाहीत, की कामच मांडलेले नाही?

"माणसेच कामाची नाहीत, त्याला आम्ही काय करणार?" हे वाक्य चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील कचेऱ्यांत ज्याने कधी ऐकले नाही असा माणूस विरळाच. मुख्याध्यापक ते नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांविषयी उच्चारतात, गटविकास अधिकारी आपल्या गटातील कर्मचाऱ्यांविषयी, वनक्षेत्रपाल वनरक्षकांविषयी आणि आम्ही प्राध्यापक मंडळी महाविद्यालयाच्या कार्यालयातील लिपिकांविषयी. ज्या लिपिकांविषयी ते उच्चारले जाते, तेही आपल्या शिपायाविषयी बोलताना हेच वाक्य वापरतात. इतक्या भिन्न श्रेणींतील नोकरदारांचे एकमत व्हावे असे दुसरे वाक्य शोधूनही सापडणार नाही.

ही तक्रार निराधार आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. यादीत नावाचे एक अक्षर चुकते आणि शिष्यवृत्तीचे पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होत नाहीत. दाखल्यावरची जन्मतारीख आणि आधार कार्डावरची जन्मतारीख जुळत नाही आणि जिवतीच्या डोंगरावरचा माणूस एका सहीसाठी तीन वेळा तालुक्याला येतो. त्या तीन खेपांत त्याची तीन दिवसांची मजुरी बुडते, शिवाय एस. टी.चे भाडे खिशातून जाते. कचेरीतील अकार्यक्षमतेची ही किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात दाखविली जात नाही. कारण ती कचेरी भरीत नाही, खिडकीबाहेर उभा असलेला माणूस भरतो. तेव्हा चुका होतात आणि त्या गंभीर आहेत, याबद्दल दुमत नाही. मतभेद आहे तो निदानाविषयी. दोष माणसांतच आहे असे एकदा ठरविले की त्यावर बदलीवाचून दुसरा उपाय उरत नाही. मग अधिकारी कर्मचाऱ्याच्या बदलीची वाट पाहतो, कर्मचारी अधिकाऱ्याच्या बदलीची, आणि काम मात्र दोघांचीही वाट पाहत पडून राहते.

आधी स्वतःची कबुली

दुसऱ्यांविषयी लिहिण्यापूर्वी स्वतःचा अनुभव सांगणे उचित ठरेल. काही वर्षांपूर्वी या भागातील एका महाविद्यालयात माझ्याकडे परीक्षा विभागाचे काम आले. हाताखाली तिघे जण होते. एक निवृत्तीला टेकलेले ज्येष्ठ लिपिक, ज्यांचा सारा जन्म टंकलेखन यंत्रावर गेला होता आणि ज्यांना संगणकाची धास्ती वाटे. दुसरा, वडील सेवेत असताना वारल्यामुळे अनुकंपा तत्त्वावर लागलेला तरुण. आणि तिसरा अकरा महिन्यांच्या कंत्राटावरचा संगणकचालक. पहिल्याच सत्रात गुणांच्या याद्यांत इतक्या चुका निघाल्या की मी वैतागलो. दुसऱ्या सत्राला मी एक निर्णय घेतला आणि त्याचा मला त्या वेळी अभिमानही वाटला. सर्व याद्या मी स्वतःच करीन, कागदांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असे मी तिघांनाही बजावले.

रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत बसून मी ते काम संपविले. त्या श्रमांत एका यादीतील एक ओळ माझ्या हातून गळली. त्यापुढील प्रत्येकाचे गुण एकेक ओळ वर सरकले आणि शेवटच्या विद्यार्थिनीपुढचा रकाना रिकामा राहिला. माझ्याच मनाने तेथे मी 'अनुपस्थित' असे लिहून टाकले. पुढे निकाल लागला, ती मुलगी रडत आली, दुरुस्तीचे पत्र गेले, दुरुस्ती झालीही. पण तोवर तिला ज्या अभ्यासक्रमाला जावयाचे होते त्याच्या प्रवेशाची मुदत संपून गेली होती. तिचे एक वर्ष गेले.

याहून मनाला लागलेली गोष्ट पुढची. अनुकंपावर लागलेला तो तरुण लिपिक मला हळूच म्हणाला, "सर, ती मुलगी परीक्षेला होती. मीच तिला पुरवणी दिली होती. यादी पाकिटात घालताना मला ते दिसलंही होतं. पण कागदांना कुणी हात लावायचा नाही, असं तुम्ही सांगितलं होतं." ज्याला मी बिनकामाचा ठरविले होते त्याला चूक दिसली होती, ज्याने कामाचा मक्ता घेतला होता त्याला ती दिसली नव्हती, आणि दिसलेली चूक सांगण्याचा मार्ग मी स्वतःच बंद करून ठेवला होता.

रिकार्डोचा विसरलेला धडा

अर्थशास्त्राच्या अध्यापकाकडून ही चूक व्हावी हे तर अधिकच लाजिरवाणे. डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली मांडलेला तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. इंग्लंड आणि पोर्तुगाल हे त्याचे उदाहरण प्रसिद्धच आहे. कापड आणि मद्य या दोन्ही वस्तू पोर्तुगाल इंग्लंडपेक्षा कमी श्रमांत तयार करू शकतो असे क्षणभर धरले, तरी दोन्ही वस्तू पोर्तुगालनेच कराव्यात असे ठरत नाही. ज्या वस्तूत त्याची आघाडी अधिक, ती त्याने करावी आणि दुसरी इंग्लंडकडून घ्यावी. त्यातच दोघांचाही लाभ असतो.

हाच न्याय कचेरीला लावून पाहावा. विभागप्रमुख लिपिकापेक्षा मसुदा चांगला करतो, बेरीज लवकर करतो आणि संगणकही अधिक सफाईने चालवतो, असे घटकाभर मान्य करू. म्हणून ही सारी कामे त्याने स्वतः करावीत काय? तो बेरजा करीत बसेल तेवढा वेळ बेरजा कशा तपासल्या जाव्यात याचा विचार करणारा कोणी राहत नाही, अडलेल्या माणसाचे ऐकून घेणारा कोणी राहत नाही आणि लिपिक मात्र रिकाम्या हातांनी बसून राहतो. न शिकलेला माणूस काम न दिल्यामुळे न शिकलेलाच राहतो. दुसऱ्या वर्षी प्रमुख पुन्हा म्हणतो, 'याला काहीच येत नाही'. आणि ते खरेही असते.

हार्वे लायबेनस्टाइन या अर्थशास्त्रज्ञाने १९६६ साली एका निबंधात याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली. तीच माणसे, तीच यंत्रे आणि तोच कच्चा माल असूनही एका कारखान्याचे उत्पादन दुसऱ्यापेक्षा पुष्कळ अधिक कसे असते, हा त्याचा प्रश्न. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या उत्पादकता पथकांनी भारतासह अनेक देशांत केलेल्या कामाचे दाखले त्याने दिले. नवी यंत्रे न आणता, केवळ कामाची मांडणी बदलल्याने उत्पादन वाढल्याची ती उदाहरणे होती. या तफावतीला त्याने दिलेले 'क्ष-कार्यक्षमता' हे नाव आमचे विद्यार्थी परीक्षेसाठी पाठ करतात. ती ज्या कचेरीत परीक्षेचा अर्ज भरतात तेथेही लागू पडते, हे त्यांना आम्ही सांगत नाही.

या जिल्ह्यांची अडचण निराळी आहे

पुण्या-मुंबईच्या वाचकाला कदाचित वाटेल की हे सर्वत्रच असते. असते, परंतु येथे त्याचे स्वरूप अधिक तीव्र आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. सुमारे साडेचौदा हजार चौरस किलोमीटरचा हा मुलूख, त्याचा तीन-चतुर्थांश भाग जंगलाखाली, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे वस्ती पावणेअकरा लाखांच्या आसपास. येथील नेमणूक ही शिक्षा आहे, हा समज नोकरशाहीत इतका रुळला की नेमणुकीचा आदेश हाती पडताच बदलीचा अर्ज लिहावयास घेण्याची रीत पडली. पदे रिक्त राहतात, एकेकाकडे दोन-दोन पदांचा अतिरिक्त कार्यभार येतो आणि 'प्रभारी' हा शब्द पाटीवर कायमचा होऊन बसतो.

शासनाने उपाय योजलेच नाहीत असे नव्हे. आदिवासी आणि नक्षलग्रस्त क्षेत्रांत काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना एकस्तर वरची वेतनश्रेणी देण्याची व्यवस्था २००२ साली झाली. बदल्यांचे नियमन करणारा कायदा २००५ साली झाला आणि पदावधी साधारणतः तीन वर्षांचा ठरला. पण वरची वेतनश्रेणी माणसाला जागेवर आणते. त्याला काम शिकवीत नाही. तीन वर्षांच्या पदावधीपैकी पहिले वर्ष काम समजण्यात आणि शेवटचे बदलीच्या खटपटीत जात असेल, तर हाती किती उरले याचा हिशेब करावयास अर्थशास्त्र लागत नाही.

त्यात भाषेचा प्रश्न आहे. एटापल्ली-भामरागडकडे माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू, कोरची-कुरखेड्याकडे गोंडी आणि छत्तीसगढी. माडिया बोलणारा स्थानिक तरुण कचेरीत लागला की त्याला कार्यालयीन मराठीत टिपणी लिहिता येत नाही म्हणून तो 'कच्चा' ठरतो. खिडकीबाहेरच्या म्हातारीचे गाऱ्हाणे त्या कचेरीत त्याच्याशिवाय कोणालाही कळत नाही, ही गोष्ट मात्र कोणाच्याही गोपनीय अहवालात लिहिली जात नाही. म्हातारीच्या दृष्टीने पाहिले तर त्या कचेरीत अकुशल कोण, याचे उत्तर वेगळे निघेल. कौशल्य कोणत्या कामासाठी, कोणाच्या उपयोगासाठी, हे ठरविल्याशिवाय कोणालाही अकुशल म्हणणे म्हणजे मोजपट्टी न दाखविता माप सांगणे होय.

दाई आणि मणी

ज्या जिल्ह्यात माणसे मिळत नाहीत अशी ओरड आहे, त्याच जिल्ह्यात तीन-साडेतीन दशकांपूर्वी एक प्रयोग झाला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेचे काम सुरू केले. बालमृत्यूंचा अभ्यास करताना न्यूमोनिया हे त्याचे एक प्रमुख कारण असल्याचे दिसून आले. औषध उपलब्ध होते, महागही नव्हते. पण ते वेळेवर देणारा डॉक्टर गावात नव्हता आणि येण्याची शक्यताही नव्हती. गावात होत्या त्या दाया. बाळाला न्यूमोनिया झाला आहे की नाही हे श्वासांच्या गतीवरून ओळखता येते. दोन महिन्यांहून लहान बाळात मिनिटाला साठ, त्याहून मोठ्या तान्ह्या बाळात पन्नास, ही धोक्याची खूण. मात्र निरक्षर दायांना पन्नास-साठपर्यंत न चुकता मोजणे जमत नव्हते. दहापर्यंत मात्र जमे.

येथे आपल्या कचेरीतील पद्धत अवलंबिली असती तर अहवाल ठरलेला होता : 'उपलब्ध मनुष्यबळ अपात्र असल्याने योजना राबविणे शक्य नाही.' परंतु येथे प्रश्न उलटा विचारला गेला. दाईला पन्नास मोजता येत नाही हे खरे. मग तिला जे दहा मोजता येतात त्यातून काम कसे होईल? त्यातून एक साधे उपकरण तयार झाले. एका मिनिटाची वाळूची घडी आणि तिच्याजवळ रंगीत मण्यांच्या दोन ओळी. लहान बाळासाठी एक, मोठ्यासाठी एक. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजावा आणि औषध सुरू करावे. निरक्षर दाया त्या उपकरणाने रोगाचे निदान करू लागल्या.

या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रयोगाची ५८ गावे आणि तुलनेसाठी घेतलेली ४४ गावे असा तो अभ्यास होता. एका वर्षाच्या कामानंतर पाच वर्षांखालील दर हजार बालकांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५ होते, प्रयोगाच्या गावांत ८.१. याच्या पुढची पायरी नवजात बालकांची. पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्या स्त्रियांना बाळंतपणाच्या वेळी हजर राहणे, बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, स्तनपानात आईला मदत करणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास इंजेक्शन देणे हे सारे शिकविण्यात आले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेच्या ४७ गावांशी ताडून पाहता प्रयोगाच्या ३९ गावांत नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला होता. पुढे २०११ साली घरोघरी नवजात बालसेवेची ही पद्धत केंद्र शासनाने 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली.

या यशाचे श्रेय सेवाभावाला देऊन मोकळे होण्याची आपली सवय आहे. सेवाभाव होताच, परंतु प्रशासनाने शिकण्याजोगी गोष्ट आहे ती कामाच्या मांडणीची. प्रथम, काम मर्यादित आणि स्पष्ट केले गेले. 'बालआरोग्य सुधारा' असे मोघम न सांगता श्वास मोजा, वजन करा, अमुक दिसले तर अमुक करा, असे सांगितले गेले. दुसरे, माणसाच्या बेताला उतरेल असे साधन दिले गेले. तिसरे, शिकविणे एकदाच आटोपले नाही. ते पुनःपुन्हा झाले. चौथे, दर पंधरवड्याला कोणीतरी प्रत्यक्ष गावात जाऊन नोंदी तपासीत असे आणि चुकले ते तेथेच दुरुस्त होई. आणि पाचवे, परिणाम मोजला गेला. यातील एकही गोष्ट अशी नाही की जी तहसील कचेरीत किंवा महाविद्यालयात अशक्य मानावी.

मतदानाच्या दिवशी काय होते?

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. संस्थेला माणसे निवडता येतात, नको असलेला माणूस दूर करता येतो. शासकीय कचेरीला तसे करता येत नाही. जो आला त्याच्यासह काम करावे लागते. मान्य. म्हणून आता असे उदाहरण घेऊ की जेथे निवडीला मुळीच वाव नाही आणि ज्याचा अनुभव या लेखाच्या बहुतेक वाचकांनी स्वतः घेतला आहे. ते म्हणजे निवडणुकीचे काम.

मतदान पथकाइतकी अनोळखी माणसांची मोट दुसरी नसेल. संगणकावर सरमिसळ होते आणि एका शाळेचा शिक्षक, एका बँकेचा कर्मचारी, पाटबंधारे खात्याचा लिपिक अशी एकमेकांना कधी न भेटलेली माणसे एका पथकात येतात. दोन-तीन प्रशिक्षणे होतात. मग साहित्य घेऊन ती निघतात, कोणी ट्रॅक्टरने, कोणी पायी. १९ एप्रिल २०२४ रोजी गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघात मतदान झाले, तेव्हा दुर्गम केंद्रांवरची पथके हेलिकॉप्टरने न्यावी लागली. जेथे वीज असेलच असे नाही, रस्ता असेलच असे नाही, तेथे ही पथके मतदान पार पाडतात, यंत्रे मोहोरबंद करतात आणि कागदपत्रांच्या पाकिटांसह परत येतात. यांतील कित्येक जण असे असतात की ज्यांच्याविषयी त्यांचे साहेब वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस 'याला काही जमत नाही' असे म्हणत असतात.

मग त्या एका दिवशी त्यांना कसे जमते? त्यांच्या कामाची मांडणी पाहावी. पहिल्या मतदान अधिकाऱ्याने यादीत नाव शोधून ओळख पटवावयाची, दुसऱ्याने बोटाला शाई लावून नोंदवहीत सही घ्यावयाची, तिसऱ्याने यंत्र सांभाळावयाचे. केंद्राध्यक्षाने या सर्वांवर नजर ठेवावयाची, त्यांच्यापैकी कोणाचेही काम आपल्याकडे ओढून घ्यावयाचे नाही. प्रत्येक पायरी पुस्तिकेत लिहिलेली आहे. खऱ्या मतदानापूर्वी किमान पन्नास मतांचे अभिरूप मतदान घ्यावे लागते. म्हणजे चूक व्हावयाची असेल तर ती खऱ्या कामापूर्वी व्हावी, अशी तरतूद आहे. 'क्लोज-रिझल्ट-क्लिअर' हा क्रम प्रशिक्षणात इतक्या वेळा घोकून घेतात की निवृत्तीनंतरही तो विसरत नाही. दिवसअखेर १७-सी नमुन्यात झालेल्या मतांचा हिशेब लिहून द्यावा लागतो. आणि अडले तर क्षेत्रीय अधिकाऱ्याला विचारता येते, विचारल्याबद्दल कोणी हसत नाही.

अर्थात, हा एका दिवसाचा मामला आहे आणि त्यामागे कारवाईची भीतीही असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. वर्षभर त्या ताणाखाली माणूस काम करू शकणार नाही, आणि करूही नये. परंतु विभागलेले काम, लिहिलेल्या पायऱ्या, आधीची रंगीत तालीम आणि दिवसअखेरचा ताळा या चार गोष्टींना ताण लागत नाही, की जादा अनुदान लागत नाही. त्या उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत का नसाव्यात, हा प्रश्न आपण स्वतःला विचारीत नाही.

न येणे आणि न करणे

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, अन्यथा हा लेख कामचुकारांची वकिली करणारा ठरेल. काम न येणे आणि काम न करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला येत नाही त्याला शिकवावयाचे असते. ज्याला येते पण करावयाचे नाही त्याला जाब विचारावयाचा असतो. त्यासाठी नियम आहेत. कोणतीही नस्ती साधारणतः सात कामकाजी दिवसांपेक्षा अधिक काळ एका कर्मचाऱ्याकडे पडून राहू नये, अशी तरतूद त्याच २००५ च्या कायद्यात आहे. ती वापरली जात नाही, हा कायद्याचा दोष नव्हे.

आमच्याकडे घडते ते नेमके उलटे. ज्याला येत नाही त्याच्यावर साहेब ओरडतात, कारण तो गरीब असतो आणि उलटून बोलत नाही. आणि ज्याला करावयाचे नाही त्याला कोणी काही म्हणत नाही, कारण त्याच्या ओळखी असतात. मग शिकू पाहणारा नवखा माणूस लवकरच ताडतो की या कचेरीत चूक करण्यापेक्षा काहीच न करणे अधिक सुरक्षित आहे. अकुशल माणसाचा कामचुकार होण्याचा मार्ग हा असा आहे आणि त्या मार्गावरचा पहिला दगड बहुधा वरिष्ठानेच ठेवलेला असतो. हाताखालच्या माणसाला हे दोनपैकी कोणते लागू पडते, हे ठरविण्याची एक सोपी कसोटी आहे : त्याला हे काम कोणी, केव्हा आणि कितीदा शिकविले, याचे उत्तर वरिष्ठाला देता आले पाहिजे. ते देता येत नसेल तर जाब विचारण्याची वेळ अद्याप आलेली नाही.

करता येण्याजोगे

थोर योजना सुचविण्याचा माझा अधिकार नाही. परंतु चार साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. बदली झालेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्या टेबलाचे एक टिपण लिहून ठेवल्याशिवाय त्याला कार्यमुक्त करू नये. काय येते, कोठून येते, कोणत्या तारखेला कोठे जाते आणि चूक बहुधा कोठे होते, एवढेच त्यात असावे. बदल्या थांबणार नाहीत. त्यांच्यासोबत अनुभव वाहून जाणे तरी थांबेल.

दुसरे, प्रशिक्षण पुण्याच्या 'यशदा'त किंवा नागपूरच्या 'वनामती'त झाले म्हणजे संपले असे मानू नये. भामरागडच्या लिपिकाला तेथे जाण्या-येण्यात दोन-तीन दिवस मोडतात आणि परत आल्यावर समोर निराळीच नस्ती असते. शेजारच्या तालुक्यातील ज्या लिपिकाचे काम चोख आहे त्यालाच महिन्यातून एक दिवस येथे आणून बसवावे आणि प्रत्यक्ष टेबलावरच्या कागदांवर शिकवावयास सांगावे.

तिसरे, नेहमीच्या कामांच्या पायऱ्या सोप्या मराठीत एका पानावर लिहून भिंतीवर लावाव्यात. संगणकाच्या परीक्षेचे प्रमाणपत्र सेवापुस्तकात लागलेले असते, म्हणून तक्ता भरता येतोच असे नाही. आणि ते विचारण्याची लाज वाटू नये, यासाठीही भिंतीवरचा कागद बरा. चौथे, वरिष्ठाच्या गोपनीय अहवालात एक रकाना वाढवावा : या वर्षी हाताखालच्या किती जणांना कोणते नवे काम येऊ लागले? 'माणसे कामाची नाहीत' हे वाक्य त्या रकान्यात लिहून कोण सही करतो ते पाहू.

माझ्या परीक्षा विभागात पुढे काय झाले ते सांगून हा लेख संपवितो. त्यानंतरच्या सत्राला आम्ही चौघांनी बसून काम वाटून घेतले. गुण लिहिण्यापूर्वी उत्तरपत्रिकांची संख्या हजेरीपटाशी ताडावयाची, हा पहिला नियम झाला. ज्येष्ठ लिपिक गुण मोठ्याने वाचीत, कारण त्यांचे उच्चार स्पष्ट आणि नजर करडी. कंत्राटी चालक ते संगणकात भरी. आणि अनुकंपावर लागलेला तो तरुण कागदावर खूण करीत जाई. कोणालाही शंका आली तर काम थांबवावयाचे, मग ती शंका खोटी का निघेना, हा दुसरा नियम. त्या सत्राला पूर्वीपेक्षा दोन दिवस अधिक लागले. चुका तेव्हाही झाल्या, पण त्या आमच्या खोलीतच सापडल्या. पाकिटातून बाहेर गेल्या नाहीत. त्यांतील बहुतेक त्या तरुणाने पकडल्या होत्या.

ज्या मुलीचे वर्ष गेले ते मात्र मी परत देऊ शकलो नाही. हाताखालची माणसे कामाची नाहीत असे म्हणण्याचा मोह आजही होतो. तेव्हा त्या यादीतील शेवटचा रिकामा रकाना आणि त्यात माझ्याच हस्ताक्षरात लिहिलेला तो एक शब्द डोळ्यांपुढे येतो.